तीस दिवसांची कादंबरी : मिसरा मिळाला, इस्लाह कुठे आहे?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्यातले कवी वाढले, कथा आल्या, आत्मकथने आली, वैचारिक लेखन तर भरपूर झाले. मग कादंबऱ्याच इतक्या मोजक्या का? या प्रश्नाची ठरलेली उत्तरेही आपल्याला पाठ आहेत. आपला लेखक पोटापाण्याच्या धडपडीत अडकलेला आहे, त्याला निवांतपणा नाही, प्रकाशक दारात उभा करत नाही, घरात लिहायला कोपरा नाही. ही उत्तरे खोटी नाहीत. पण याच अडचणींतून वाट काढत आपण कविता लिहितोच, कथा लिहितोच. तेव्हा कादंबरीच्या आड येणारी आणखी काही गोष्ट असली पाहिजे.

ती कोणती, हे तपासण्याची एक संधी आम्हाला दूरदेशीच्या एका उपक्रमातून मिळाली. नोव्हेंबर महिन्यात, तीस दिवसांत, पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहून काढायची, असे ते आव्हान. 2024 चा नोव्हेंबर हा त्या संस्थेने भरवलेला शेवटचा नोव्हेंबर ठरला. 31 मार्च 2025 रोजी संस्थेने आपले काम बंद करत असल्याचे जाहीर केले. त्या शेवटच्या फेरीत आम्ही दहाणूत बसून, उर्दू माध्यमाच्या शाळेतली नोकरी सांभाळून, मराठीत भाग घेतला. तो अनुभव सांगायचा आहेच. पण त्या आव्हानाची साहित्य म्हणून किंमत काय आणि आपल्या चळवळीने त्यातून काय घ्यावे, काय सोडावे, याची चिकित्सा हा या लेखाचा खरा हेतू आहे.

आव्हानाचे स्वरूप

ख्रिस बॅटी नावाच्या अमेरिकन तरुणाने 1999 च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 21 जणांना घेऊन हा खेळ सुरू केला. होय, तो खेळच होता. पुढच्याच वर्षी तो नोव्हेंबरात नेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा खराब असते आणि माणूस घरात बसतो. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, थोडक्यात ‘नॅनोरायमो’, हे त्याचे नाव. ‘नॅशनल’ नावापुरतेच राहिले. थोड्याच वर्षांत जगभरातले लाखो लोक त्यात उतरले.

नियम साधे होते. रोजचे सरासरी 1,667 शब्द लिहायचे. मागे वळून वाचायचे नाही, खोडायचे नाही, आतल्या परीक्षकाला महिनाभर रजेवर पाठवायचे. परीक्षण नाही, बक्षीस नाही. जो पन्नास हजारांचा आकडा गाठेल तो ‘विजेता’. कादंबरी वाईट झाली तरी चालेल, पण ती झाली पाहिजे, ही यामागची भूमिका.

यातून निव्वळ रद्दी निघाली असे म्हणता येणार नाही. सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ (2006) आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ (2011) या खूप वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांची सुरुवात याच नोव्हेंबरी लेखनात झाली. मात्र ‘द नाइट सर्कस’ एका महिन्यात झालेली नाही. लेखिकेने एकाहून अधिक नोव्हेंबर त्यात घातले आणि पुढे मजकूर पुन्हा पुन्हा लिहून काढला. म्हणजे पहिला खर्डा खेळातून आला, पुस्तक मात्र खेळ संपल्यावरच्या मेहनतीतून आले. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

महिन्याला कादंबरी : आपला जुना धंदा

या आव्हानाचे नाव काढले की आपल्याकडची जाणती मंडळी नाक मुरडतात. प्रतिभा काय मीटर लावून चालते? असा त्यांचा सवाल. पण उर्दू वाचणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला महिन्याला एक कादंबरी ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ 1952 साली अलाहाबादेतून सुरू झाली ती मासिक म्हणूनच. 1955 पासून ‘इमरान सीरिज’ आली. दोन्ही मिळून त्यांनी अडीचशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने त्या भाड्याने आणून रात्रीतून वाचल्या आणि सकाळी परत केल्या. त्याआधी लखनौत रतननाथ सरशार यांनी ‘फसाना-ए-आझाद’ 1878 पासून ‘अवध अखबार’मधून हप्त्याहप्त्याने लिहिली. अंक निघायचा म्हणजे मजकूर तयार हवा. प्रतिभेची वाट पाहत बसायला संपादक तयार नसतो.

मराठीतही तेच. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः दिली. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया मानली जाणारी ही कृती साप्ताहिकाच्या तगाद्याखाली लिहिली गेली, हे आपण विसरतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’? 1963 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, महिन्याभराच्या आत लिहून झालेली ती कादंबरी. मराठीत महिन्याच्या कादंबरीचे याहून मोठे उदाहरण नाही.

परदेशातले उदाहरण द्यायचे तर दोस्तोयेव्स्कीचे द्यावे. 1866 च्या ऑक्टोबरात, प्रकाशकाच्या जाचक कराराची मुदत डोक्यावर असताना, त्याने ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी अ‍ॅना नावाच्या तरुण लघुलेखिकेला सांगून 26 दिवसांत पुरी केली. पुढे तीच त्याची पत्नी झाली.

तेव्हा वेग हा दोष नव्हे. पण या उदाहरणांकडे जरा नीट पाहिले तर आणखी काही दिसते. ‘द गॅम्बलर’ची कल्पना दोस्तोयेव्स्कीच्या मनात 1863 पासून घोळत होती. ‘कोसला’मागे पंचवीस वर्षांचे जगणे साठले होते, नेमाड्यांची पुढची कादंबरी ‘बिढार’ यायला 1975 साल उजाडले. इब्ने सफींना 1960 च्या सुमारास गंभीर मानसिक आजाराने गाठले आणि जवळपास तीन वर्षे त्यांची लेखणी थांबली. म्हणजे महिना दिसतो एकच, पण त्याच्या आधीची वर्षे आणि नंतरची किंमत त्या महिन्यात मोजली जात नाही. या आव्हानाची पहिली त्रुटी ती हीच. ते फक्त मधला तुकडा मोजते.

शब्द कुणाच्या मापाने मोजायचे?

दुसरी त्रुटी आमच्या लक्षात आली ती वहीच्या पानावर. शाळेत आम्ही उर्दूतून शिकवतो, घरी जी बोली बोलतो ती ना धड उर्दू, ना धड मराठी, तिच्यात गुजरातीचाही हात. आणि लिहितो मराठीत. त्यामुळे एकच वाक्य तीन तऱ्हेने मनात येते. उदाहरणादाखल हे घ्या : ‘घरातल्या माणसांना बाहेर झोपावे लागले.’ मराठीत पाच शब्द. उर्दूत ते होते ‘घर के लोगों को बाहर सोना पड़ा’, म्हणजे सात. इंग्रजीत नेले तर नऊ. अर्थ तोच, मजकूर तोच. मोजणी मात्र वेगळी. मराठी विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटवून घेते, उर्दू ते सुटे लिहिते, इंग्रजी त्याहून सुटे.

एका वाक्यावरून गणित मांडू नये हे कबूल. पण दिशा कळते. इंग्रजीला बेताचा असलेला पन्नास हजारांचा डोंगर मराठी लेखकाला अधिक उंच पडतो. जगभरचा माणूस एकाच रेषेवर धावतो असे या आव्हानाचे म्हणणे होते. प्रत्यक्षात रेषा एका भाषेच्या पायाने आखलेली होती. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. दुसऱ्याच्या मापाने आपण किती भरलो हे ऐकत आपण वाढलो आहोत. म्हणून आकडा गाठला की नाही यावरून आम्ही या महिन्याचा निकाल लावत नाही.

दहाणूचा नोव्हेंबर

तिसरी गोष्ट महिन्याची. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर म्हणजे घरात बसण्याचा महिना असेल. दहाणू-तलासरीत तो बाहेर पडण्याचा महिना आहे. खळ्यांवर भाताची झोडणी चाललेली असते, वाड्यांतून चिकू उतरत असतो, बाजार भरलेले असतात. 2024 साली तर महिन्याच्या पहिल्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते आणि 20 तारखेला विधानसभेचे मतदान. निवडणूक म्हटली की शिक्षक आला. आधी प्रशिक्षणे, मग 19 तारखेला मतदान केंद्रावर रवानगी. त्या दिवशी आमच्या हाती जे साहित्य पडले ते मतदान यंत्र, शाई, लाख आणि पाकिटे यांचे. 20 च्या रात्री ते जमा करून परतताना कादंबरीतल्या पात्रांची नावे आठवावी लागत होती. तलासरीचे एक शिक्षक मित्र आमच्यासोबत या आव्हानात उतरले होते. ते म्हणाले, “सर, गोऱ्यांच्या कादंबरीला इलेक्शन ड्यूटी लागत नाही!”

आमचा आकडा तीस तारखेला अडतीस हजारांच्या पुढे जाऊन थांबला. संस्थेच्या हिशेबात आम्ही विजेते नव्हे. पण अडतीस हजार शब्दांची सलग मराठी कथा याआधी आमच्या हातून उतरली नव्हती, आणि त्या लांबीने जे शिकवले ते कवितेने किंवा कथेने शिकवले नसते.

विषय इथलाच होता. 2018 च्या नोव्हेंबरपासून दहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येई. 1 फेब्रुवारी 2019 च्या मोठ्या धक्क्यानंतर तर भर थंडीत माणसे घर सोडून तंबूत आणि अंगणात झोपू लागली. हायवेलगतच्या एका गावातला मुसलमान दुकानदार, जो मोसमात चिकूच्या वाडीचा मालही बोलीवर घेतो, त्याच्या कुटुंबाचा तो हिवाळा आम्ही लिहायला घेतला.

पहिल्या आठवड्यात काय आले? शीरखुर्मा आला, कव्वाली आली, अब्बांचा दरारा आला, दंगलीची आठवण आली, तोंडी तलाकचा प्रसंग दारात येऊन उभा राहिला. म्हणजे मराठी वाचक मुसलमान पात्राकडून ज्याची अपेक्षा धरून बसलेला असतो ते सारे. घाईत हात जवळच्या डब्यातच जातो. वेगाने लिहिले की मन मोकळे होते, असे या आव्हानाचे पुरस्कर्ते सांगत; आमचा अनुभव निराळा आहे. वेगाने आधी साचेच बाहेर पडतात.

पण साच्यांचा साठा फार नसतो. दहा-बारा हजार शब्दांत तो संपतो. त्यानंतर कागद रिकामा, दिवसाचे शब्द बाकी, आणि आत उरलेले असते ते फक्त स्वतः पाहिलेले. इथून खरी कादंबरी सुरू होते. लघुकथा या टप्प्याच्या आत संपून जाते; ग़ज़लला तर दोन मिसऱ्यांत जग बसवायचे असते. आपल्या कानाला त्या संक्षेपाची सवय आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. मात्र संक्षेपात साचा लपून राहू शकतो. लांबीत तो उघडा पडतो.

शेजारी बोलू लागतो

याहून मोठी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात घडली. भूकंपाच्या भीतीने दुकानदाराचे कुटुंब शेतात झोपायला गेले की शेजारी कोण येणार? वारली कुटुंब येणार. वाडीत जाळी लावलेल्या काठीने चिकू उतरवणारा मजूर, त्याची बायको, म्हातारी आई. कथेच्या आटोपशीर चौकटीत त्यांना ‘मजूर’ म्हणून एका ओळीत उभे करून पुढे जाता येते. वीस हजार शब्दांनंतर ते चालत नाही. एकाच आभाळाखाली महिनाभर झोपलेली दोन कुटुंबे एकमेकांशी बोलल्याशिवाय राहत नाहीत. उधारीची वही निघते. चिकूचा तोल कोण करतो हा प्रश्न निघतो. आणि एकाएकी आपला दुकानदार, ज्याला आपण सोसणारा म्हणून रंगवत होतो, तो दुसऱ्याच्या नजरेतून वेगळा दिसू लागतो. तो बहुसंख्याकांच्या डोळ्यांत परका आहे, हे खरे. आणि मजुराच्या डोळ्यांत तो वजनाचा काटा धरणारा आहे, हेही खरे.

आमच्या मते, कादंबरीच्या आड येणारी जी गोष्ट आपण शोधत होतो ती इथे सापडते. आपले आजवरचे बरेचसे लेखन स्वतःची वेदना मांडण्यासाठी उभे राहिले. ते गरजेचे होते. कविता आणि आत्मकथन त्यासाठी पुरेसे असते, कारण तिथे ‘मी’ बोलतो. कादंबरी ‘मी’वर फार काळ तगत नाही. तिला शेजारी लागतो, आणि शेजारी आला की त्याची आपल्याविषयीची तक्रारही येते. ती तक्रार आपल्याच लेखणीने लिहिण्याची तयारी असेल तरच कादंबरी पुढे सरकते.

याचा पूर्वज आपल्यातच आहे. हमीद दलवाईंची ‘इंधन’ (1965) आकाराने लहान असली तरी तिच्यात कोकणातल्या गावाचे मुसलमान आणि त्यांचे हिंदू शेजारी एकाच धगीत उभे आहेत. दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद राहिले, आजही आहेत. पण कादंबरीकार म्हणून त्यांनी शेजाऱ्याला गप्प ठेवले नाही, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

आणि आमच्या या तालुक्यांविषयी लिहिले गेले आहे ते कुणी? 1945 च्या वारली उठावाची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) मध्ये सांगितली. 1972 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनोश इराणी यांनी 2010 साली ‘दहाणू रोड’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती इराणी बागायतदार आणि वारली यांच्या नात्यावर आहे. या पुस्तकांच्या केंद्रस्थानी आपण नाही, असण्याचे कारणही नाही. पण 1960 साली उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेल्यावर सीमेवर उरलेली माणसे, औष्णिक वीज केंद्र, भूकंपाचा हिवाळा, आता वाढवण बंदर, या साऱ्यांत आपणही इथे राहतो आहोत. ते इतर कुणी लिहिणार नाही.

दोन लाल पेने

आतल्या परीक्षकाला रजेवर पाठवा, असे हे आव्हान सांगत असे. आमच्यासारख्या लेखकाच्या आत मात्र एक नव्हे, दोन परीक्षक बसलेले असतात आणि दोघांच्या हातात लाल पेन असते. पहिला म्हणतो, “अहो, तुमचे मराठी छान आहे, मुसलमान वाटतच नाही तुम्ही!” या कौतुकाचा ज्याने घोट घेतला आहे त्याला त्यातला कडूपणा सांगायला नको. त्याच्यासाठी आपण ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतो आणि घरची बोली वहीबाहेर ठेवतो. दुसरा परीक्षक मोहल्ल्यातला. तो विचारतो, “हे छापून आल्यावर लोक काय म्हणतील?” त्याच्यासाठी आपण माणसे वहीबाहेर ठेवतो.

रोज सात-आठ पाने लिहायची सक्ती असली की रात्री अकराच्या पुढे हे दोघेही पेंगतात. बोली आत शिरते. उधारीच्या वहीवरून भांडणारी खाला पुस्तकी मराठीत भांडू शकत नाही. ती तिच्या जुबानमध्येच भांडते. एवढा लाभ आम्ही या आव्हानाच्या पदरात निःसंकोच घालतो.

हीच कल्पना आम्ही वर्गात लहान प्रमाणात वापरून पाहिली. संस्थेच्या मुलांसाठीच्या शाखेत मुलांना आपला आकडा आपणच ठरवण्याची मुभा होती; ती गोष्ट आम्हाला मोठ्यांच्या आव्हानापेक्षा शहाणपणाची वाटली. नववीच्या मुलांना सांगितले, दहा दिवस रोज वहीचे एक पान, कोणत्याही बोलीत, चुका तपासल्या जाणार नाहीत. गाईडमधले मज़मून पाठ करून गुण मिळवणारी मुले पहिले दोन दिवस गाईडच लिहीत होती. चौथ्या दिवशी एका मुलीने आपल्या नानीच्या गावच्या विहिरीवर लिहिले. ते वाक्य कोणत्याही गाईडात नव्हते. मोठ्यांचे दहा हजार शब्द आणि मुलांची तीन पाने. साचा संपायला लागणारे अंतर वेगळे, प्रकार एकच.

मिसरा आणि इस्लाह

मग या आव्हानात कमी काय पडले? उत्तर आपल्याच परंपरेत आहे. तरही मुशायरा म्हणजे काय? एक मिसरा दिला जातो, त्याच ज़मीनीत, ठरलेल्या दिवसापर्यंत सर्वांनी ग़ज़ल लिहून आणायची. मुदत आहे, बंधन आहे, सोबतीला बाकीचे शायर आहेत. या अर्थाने तीस दिवसांची कादंबरी हा एक तरही मुशायराच होता. पण आपल्या मुशायऱ्याला दोन गोष्टी जोडलेल्या असतात. समोर ऐकणारा असतो, जो दाद देतो किंवा गप्प राहतो. आणि मागे उस्ताद असतो, जो इस्लाह करतो. ग़ालिब पत्रांतून शागिर्दांच्या ग़ज़ला दुरुस्त करून पाठवत. त्यांच्या लाडक्या शागिर्दांत मुंशी हरगोपाल तफ़्ता होते. एखादा शब्द का बदलला, एखादा शेर का काढला, हे कळल्याखेरीज शागिर्दाची सुटका नसे.

नोव्हेंबरी कादंबरीला मिसरा होता, इस्लाह नव्हती. तीस तारखेला आकडा भरला की टाळ्या. ते पन्नास हजार शब्द कुणी वाचले, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. जिथे वाचणारा नाही आणि आकडाच सर्वस्व आहे, तिथे यंत्राने शब्द भरून दिले तर बिघडले कुठे, हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. तो आला. 2024 च्या सप्टेंबरात संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला सरसकट विरोध करणे वर्गीय आणि अपंगत्वविरोधी पूर्वग्रहाचे असल्याचे निवेदन काढले. लेखकांत संताप उसळला, संस्थेच्या लेखक मंडळातून काही जण बाहेर पडले. संस्था बंद करताना तिने पैशांची अडचण सांगितली आणि ती खरीही असेल. आम्हाला मात्र दिसते ते हे की वाचकाशिवाय उभा केलेला लेखनाचा उत्सव आतून पोकळ होत जातो.

आपल्या चळवळीची अडचण नेमकी उलटी आहे. आपल्याकडे व्यासपीठ आहे, वाचक आहे, दाद आहे. संमेलन आहे, विशेषांक आहेत. पण संमेलनात पंधरा मिनिटे मिळतात, त्यात कविता बसते. अंकात दहा पाने मिळतात, त्यात कथा बसते. दोनशे पानांचा खर्डा घेऊन नवखा लेखक कुणाकडे जाणार? तो वाचणारा, पेन्सिलीने खुणा करणारा, “हा भाग काढ, ही बाई अजून बोलू दे” असे सांगणारा माणूस आपण तयार केलेला नाही. कादंबरी न लिहिली जाण्याचे हे दुसरे कारण.

म्हणून आमची सूचना अशी आहे. परदेशातली ती संस्था बंद झाली याचे सुतक पाळण्याची गरज नाही. तिने दिलेला मिसरा तेवढा उचलावा. महिना आपला निवडावा. शिक्षकांसाठी नोव्हेंबरपेक्षा मे बरा. आकडा आपल्या भाषेच्या मापाने ठरवावा. मराठीत तीस हजार शब्द पहिल्या खर्ड्याला पुरे आहेत. महिनाभर एका परिभ्रमणात राहणे आपल्या घरांना नवे नाही. रोज एक पारा याप्रमाणे तरावीहमध्ये कुराण पुरे होते, त्या सातत्याची सवय आपल्या लहानग्यांनाही असते. पाच-सहा जणांनी एका तालुक्यातून एकत्र लिहावे, म्हणजे आठवड्याला भेटता येते. आणि तीस तारखेला टाळ्या न वाजवता खर्डे एकमेकांत बदलावेत. पुढचे निदान एक वर्ष इस्लाहचे. या कामी ज्येष्ठांनी पुढे यावे, अध्यक्षपदे आणि उद्घाटने यांतून थोडा वेळ काढून एकेका खर्ड्याची जबाबदारी घ्यावी. बोली कुठे ठेवायची आणि कुठे सुधारायची, साचा कुठे आहे, शेजाऱ्याला कुठे गप्प केले आहे, हे त्यांनी दाखवावे.

आमचा अडतीस हजारांचा खर्डा तलासरीच्या मित्राकडे आहे आणि त्यांचा आमच्याकडे. दोन्हींच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा वाढत आहेत. येत्या मे महिन्यात पालघर जिल्ह्यातून आणखी कुणी उतरणार असेल, कोणत्याही माध्यमाच्या शाळेतले, कोणत्याही बोलीचे, तर त्यांचा खर्डा वाचायला आम्ही दोघे तयार आहोत.